जेवणाच्या ताटातील अंडे

सकाळच्या न्याहारीस निःशंकपणे अंडे खाणारा मनुष्य तेच अंडे माध्यान्हीच्या किंवा रात्रीच्या जेवणात पुढे आले असता संकोचतो, आणि हा संकोच आपल्या जिभेचा किंवा जठराचा नसून धर्मबुद्धीचा आहे असे तो मनापासून मानतो, हा अनुभव महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांत पिढ्यानपिढ्या घेतला गेला आहे. जी घरे परंपरेने मांसाहारी आहेत त्यांचा हा प्रश्न नव्हे. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडे केव्हाही शिजते. ज्यांनी अंडे सर्वथा वर्ज्य मानले आहे त्यांचाही तो नव्हे. प्रश्न आहे तो या दोहोंच्या मधल्या विस्तीर्ण वर्गाचा. ज्याने अंडे घरात येऊ दिले, परंतु स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी त्यास थांबविले. ज्याने त्यासाठी गॅलरीत वेगळा स्टोव्ह मांडला, वेगळा तवा राखला, आणि ते सकाळच्या चहाबरोबर उभ्या उभ्या खाण्याची मुभा दिली, पण वरणभाताच्या ताटात त्याला जागा दिली नाही. या वर्गाचे आचरण ढोंगी आहे असे म्हणून त्याची बोळवण करणे सोपे आहे. मला ते ढोंग वाटत नाही. त्याच्या मुळाशी अन्नाविषयीचा एक गंभीर विचार आहे आणि त्या विचारातच एक गंभीर चूकही आहे, अशी माझी धारणा आहे.

आपल्याकडे जेवण ही केवळ क्षुधाशांतीची क्रिया कधीच नव्हती. ताटाभोवती पाणी फिरवावे, चित्राहुती घालाव्या, देवाला नैवेद्य दाखविल्यावाचून घास उचलू नये, पंगतीत सर्वांच्या पानात वाढून झाल्याखेरीज कोणी आरंभ करू नये, हे सारे नियम जेवणाला यज्ञाच्या पदवीस नेणारे आहेत. न्याहारीला यांपैकी कशाचेही बंधन नाही. न्याहारी हा देहाचा खासगी व्यवहार. जेवण हे कुटुंबाचे, देवघराचे आणि पितरांचेही कार्य. म्हणूनच ज्या पदार्थाविषयी मनात किल्मिष आहे तो न्याहारीस चालतो आणि जेवणात खटकतो. अंडे आमच्या मध्यमवर्गाच्या जीवनात ज्या वाटांनी आले त्याही या विभागणीस पोषकच होत्या. ते प्रथम आले वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या सांगण्यावरून, क्षयाने किंवा बाळंतपणाने खंगलेल्या देहासाठी दुधात फेटून. मग आले तालमीतल्या पोराच्या खुराकात. आणि पुढे इराण्याच्या हॉटेलातील संगमरवरी मेजावर, पावाच्या संगतीने. या तिन्ही ठिकाणी ते औषध होते, खुराक होते किंवा घराबाहेरची चैन होती. घराच्या अन्नात त्याची गणना कधी झालीच नाही.

औषध म्हणून मिळालेली ही सवलत पुष्कळ प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, हंस, चकोर, कोंबडी, मोर आणि चिमणी यांच्या अंड्यांचे गुण सांगितले आहेत आणि कास, हृद्रोग, क्षत व वीर्यक्षय यांत ती हितकर व तत्काळ बल देणारी आहेत असा निर्वाळा दिला आहे. उलटपक्षी मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावात वाढलेला कोंबडा जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो असे सांगितले आहे. परंतु ज्या श्लोकात हा निषेध आहे त्याच श्लोकात लसूण आणि कांदा यांनाही तितक्याच कठोरपणे एका पंक्तीस बसविले आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. त्या कांद्याचे आम्ही काय केले? आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी करून कांद्याची भजी, थालीपिठे आणि भाकरी आनंदाने खाल्ली, चातुर्मासापुरती त्याला रजा दिली आणि चातुर्मास सरताच पुन्हा घरात घेतले. म्हणजे निषिद्ध पदार्थास जेवणात स्थान द्यावयाचे तर ते उघडपणे, ऋतुमान आणि व्रत यांची मर्यादा राखून कसे द्यावे, याचा उत्तम दाखला आमच्याच परंपरेत आहे. अंड्याच्या बाबतीत ही वाट आम्ही चोखाळली नाही. आम्ही तिथीची मर्यादा न घालता घड्याळाची घातली, आणि घड्याळाच्या मर्यादेस कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार नाही.

या प्रश्नावर आधुनिक काळात सर्वांत कसून विचार केला तो महात्मा गांधींनी, आणि त्यांच्या आयुष्यातील तीन प्रसंग एकापुढे एक ठेवले म्हणजे हा विचार किती खोल गेला होता ते कळते. लंडनमध्ये विद्यार्थी असताना मांसाच्या ज्या निरनिराळ्या व्याख्या त्यांच्यासमोर आल्या त्यांतील एका व्याख्येप्रमाणे अंडे मांसात मोडत नव्हते, आणि त्या व्याख्येच्या आधाराने त्यांनी अंडी खाण्यास सुरुवातही केली होती. परंतु थोड्याच दिवसांत त्यांना जाणवले की, आपण आईला मांस न खाण्याचे जे वचन दिले त्याचा अर्थ वचन घेणारीच्या समजुतीप्रमाणे लावला पाहिजे, आणि आईच्या समजुतीत अंडे हे मांसच होते. त्यांनी अंडी सोडली. पुढे 1902 साली मुंबईस गिरगावात राहत असताना त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अत्यवस्थ झाला, आणि उपचार करणाऱ्या पारशी डॉक्टरने अंडी व कोंबडीचे सूप देण्यास सांगितले. गांधींनी नकार दिला, जलोपचार केले, आणि रात्रीच्या वेळी ज्वराने तापलेल्या मुलास ओल्या चादरीत गुंडाळून ते बाहेर रस्त्यावर रामनाम घेत फिरले. मुलगा वाचला. तिसरा प्रसंग पुण्याचा. ऑगस्ट 1942 मध्ये आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहावयास घेतले त्यात त्यांनी स्पष्टपणे नमूद केले की, सामान्य माणूस अंड्याला मांस समजतो, वस्तुतः ते तसे नाही. कोंबड्याच्या संयोगावाचून घातलेल्या अंड्यातून पिल्लू कधीच निपजत नाही. सबब ज्याला दूध चालते त्याने असले निर्जीव अंडे घेण्यास हरकत असू नये.

या तीन प्रसंगांत विसंगती आहे असे ज्यास वाटेल त्याने पुन्हा विचार करावा. पहिल्या प्रसंगी प्रश्न वचनाचा होता, दुसऱ्यात श्रद्धेच्या कसोटीचा आणि तिसऱ्यात पदार्थाच्या स्वरूपाचा. यांतील एकाही ठिकाणी गांधींनी अंडे औषध म्हणून चालेल आणि अन्न म्हणून चालणार नाही असा भेद केलेला नाही. उलट औषध म्हणून ते सर्वांत सहज क्षम्य ठरले असते त्याच प्रसंगी, पोटच्या मुलाचा जीव धोक्यात असता, त्यांनी ते नाकारले. आणि जेथे आजाराचा संबंध नव्हता, केवळ आहाराचा विचार चालला होता, तेथे मोकळे केले. जे निषिद्ध आहे ते आजारपणातही निषिद्ध, आणि जे निषिद्ध नाही ते सुखासमाधानाच्या जेवणातही निषिद्ध नाही, हा त्या विचाराचा कणा. आमच्या गॅलरीतल्या स्टोव्हने नेमका हाच कणा मोडला आहे.

येथे दुसरा एक मुद्दा पुढे येतो आणि मला तो या साऱ्या चर्चेचे मर्म वाटतो. तो मुद्दा आनंदाचा आहे. औषध म्हणून, खुराक म्हणून, मुलाच्या वाढीसाठी म्हणून आम्ही अंडे क्षम्य ठरविले, ते अशा गृहीतावर की खाणारा त्याचा आस्वाद घेत नाही. उल्लंघनास सुखाची जोड नसेल तर ते उल्लंघन हलके, आणि सुखाची जोड असेल तर ते जड, हा नैतिक हिशेब आमच्या हाडीमासी खिळलेला आहे. केवळ आमच्याच नव्हे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने उपवासात मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही का वर्ज्य याची मीमांसा करताना एक कारण असे दिले की, जे पदार्थ रसनेस अधिक सुख देतात त्यांचाच त्याग उपवासात अभिप्रेत आहे, आणि अंडी व दूध हे ज्यांचे मांस असे सुख देते त्या पशुपक्ष्यांपासूनच उपजतात. परंतु त्याच धर्माने चाळीस दिवसांच्या त्या व्रताचे पारणे ईस्टरच्या दिवशी रंगविलेल्या अंड्यांनी केले. तेथे सुख नाकारले गेले नाही. ते राखून ठेवले गेले आणि योग्य दिवशी सणाच्या मेजावर सन्मानाने आणले गेले.

आपल्या कोकणात तर याहूनही बोलके उदाहरण आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत शतकानुशतके राहिलेला, मराठी बोलणारा आणि एके काळी तेलाचे घाणे चालविणारा बेने इस्रायल समाज यहुदी धर्माचा आहे, आणि त्या धर्मात अंड्याचे स्थान न्याहारीत नसून व्रतस्थ भोजनात आहे. वल्हांडणाच्या रात्री विधियुक्त ताटात एक भाजलेले अंडे ठेवतात, ते जेरुसलेमच्या मंदिरात अर्पण होणाऱ्या सणाच्या बळीची आणि त्या मंदिराच्या विध्वंसाची आठवण म्हणून. आणि घरातील मृताचे दफन करून परतल्यावर शोकग्रस्तांना जे पहिले अन्न देतात त्यात उकडलेले अंडे असते. त्यांच्या धर्मशास्त्रात एका संपूर्ण प्रकरणास अंड्यावरूनच नाव पडले आहे, कारण त्याचा आरंभ या वादाने होतो की सणाच्या दिवशी घातलेले अंडे त्याच दिवशी खावे की न खावे. शम्माय आणि हिल्लेल या दोन यहुदी आचार्यांपैकी शम्मायच्या शिष्यांनी खावे असे म्हटले, हिल्लेलच्या शिष्यांनी खाऊ नये असे म्हटले. असल्या बारीक वादात पडण्याइतके महत्त्व एका अंड्यास देणे ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांच्याशी माझा मतभेद आहे. जो पदार्थ ताटात येतो तो कोणत्या क्षणी, कोणाच्या श्रमाने आणि कोणत्या अधिकाराने आला याची अशी चिकित्सा करणे हीच अन्नाविषयीची खरी आस्था होय.

आपल्याकडेही ही चिकित्सा झालेली आहे. छांदोग्योपनिषदात आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते असा सिद्धांत आला आहे. त्यावर रामानुजाचार्यांनी अन्नाचे तीन दोष मानले: पदार्थाच्या जातीतच असलेला दोष, तो ज्याच्या आश्रयातून येतो त्याचा दोष, आणि केस, कीटक, उष्टे यांसारख्या निमित्ताने लागलेला दोष. शंकराचार्यांनी आहार या कल्पनेचाच विस्तार केला. इंद्रियांनी आत घेतलेला प्रत्येक विषय हा आहार, आणि तो राग, द्वेष व मोह यांपासून मुक्त असणे ही त्याची शुद्धी. या दोन आचार्यांच्या विचारांनी अंड्याची पारख केली म्हणजे काय हाती लागते?

जातिदोषाचा विचार करता जैन परंपरेचे म्हणणे सर्वांत सुसंगत आहे असे मी आदराने मान्य करतो. तत्त्वार्थसूत्रात गर्भातून होणाऱ्या जन्माचे जरायुज, अंडज आणि पोतज असे प्रकार सांगितले आहेत, आणि अंडे हे पंचेंद्रिय जीवाच्या देहातून उद्भवलेले म्हणून ते सफल असो वा निष्फळ असो, वर्ज्यच. या मार्गाने जाणाऱ्यापुढे, किंवा गळ्यात तुळशीची माळ घालून वारीस जाणाऱ्या वारकऱ्यापुढे, मांडण्यासारखा कोणताही युक्तिवाद माझ्यापाशी नाही आणि मांडण्याची इच्छाही नाही; कारण त्यांचा नियम सकाळी नऊला आणि दुपारी एकला सारखाच असतो. परंतु ज्याने भ्रूणहत्येच्या शंकेने अंडे दूर ठेवले आहे त्याने हे ध्यानात घ्यावे की, आज बाजारात येणारी बहुतेक अंडी कोंबडे नसलेल्याच खुराड्यांतून येतात आणि त्यांत जीव उपजण्याचा संभव नसतो.

सुखाच्या बाबतीत शंकराचार्यांचा निकष मला निर्णायक वाटतो. मोह हा दोष आहे, रुची नव्हे. गांधींच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे, आणि व्रत म्हणून ते थोर आहे. पण ते पाळणाऱ्याने दुधावरच्या सायीच्या बाबतीतही पाळावयाचे असते. साय, तूप, आमरस आणि पुरणपोळी यांचा मनमुराद आस्वाद घ्यावयाचा आणि अंड्यापुरते मात्र अस्वादाचे व्रत धरावयाचे, यात व्रत नाही. शिवाय अंडे जेवणात घेतले तरच त्याचा खरा स्वाद कळतो असे माझे स्पष्ट मत आहे. सुके खोबरे आणि कांदा विस्तवावर भाजून, वाटून केलेल्या दाट रश्श्यात उकडलेली अंडी अर्धी करून सोडावीत, किंवा कोकणात करतात त्याप्रमाणे उकळत्या कालवणातच एकेक अंडे फोडून अलगद शिजू द्यावे, म्हणजे पांढरा बलक आपल्या अंगावर रस्सा धरतो आणि पिवळा बलक मऊ राहून भाताशी एकजीव होतो. पारशी गृहिणी भेंडीवर, बटाट्यावर, टोमॅटोवर अंडी फोडून मंद आचेवर झाकण ठेवते आणि साध्या भाजीचे रात्रीचे जेवण करते. गोव्यात सायंकाळी गाड्यांवर ऑम्लेटावर शागुतीचा रस ओतून पावाबरोबर देतात, आणि दिवसभर राबलेल्या माणसाचे तेच रात्रीचे अन्न होते. बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीची भुर्जी यांची जोडी तर दरिद्री आणि सधन दोघांनाही सारखीच तृप्त करते. या तृप्तीत मोह नाही. स्वस्त, पौष्टिक आणि अल्पायासाने शिजणाऱ्या अन्नाबद्दलचे ते समाधान आहे, आणि नैवेद्याच्या कोणत्याही अन्नाबद्दल हेच समाधान आपण धर्म्य मानतो.

उरला आश्रयदोष, आणि येथे मात्र अंड्याच्या बाजूने बोलणाऱ्यास मान खाली घालावी लागते. रानकोंबडी वर्षाकाठी मोजकीच अंडी घालते. माणसाने निपजविलेली आजची कोंबडी सुमारे तीनशे घालते, आणि त्यासाठी तिच्यापैकी पुष्कळांना तारेच्या अशा पिंजऱ्यात आयुष्य कंठावे लागते की जेथे एकेकीच्या वाट्यास लिहिण्याच्या कागदाएवढीही जागा येत नाही, पंख पसरता येत नाहीत, मातीत अंग लोळविता येत नाही. त्याच जातीचे नर पिल्लू अंडी घालीत नाही आणि मांसासाठीही किफायतशीर नसते, म्हणून ते जन्मल्या दिवशीच मारले जाते. युरोपीय संघाने 2012 पासून जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यांना मज्जाव केला आणि जर्मनीने 2022 पासून नर पिल्लांच्या हत्येवर बंदी घातली. आपल्याकडे हा प्रश्न अद्याप सामान्य गिऱ्हाइकाच्या कानावरही आलेला नाही. हिंसा अंड्याच्या कवचात नाही. ती त्या पिंजऱ्यात आणि त्या पहिल्या दिवशी आहे. जो माणूस अंडे औषधासारखे डोळे मिटून गिळतो त्यास हे कधी विचारावेसे वाटत नाही, कारण त्याने ते आपले अन्न म्हणून पत्करलेलेच नसते. जो ते ताटात घेतो, चवीने खातो, त्याच्यावर ते कोठून आले हे विचारण्याचे ऋण आपोआप येते. दूधदुभत्याबद्दल आपण गाईचे ऋण मानले, पोळ्यास बैलाचे मानले. कोंबडीचे कोणी मानले नाही, त्याचे कारण तिचे देणे आपण कायम मागल्या दाराने घेत आलो.

या चर्चेचा सर्वांत निकडीचा भाग घरच्या ताटाशी नाही, शाळेच्या ताटाशी आहे. तामिळनाडूत 1982 साली एम. जी. रामचंद्रन यांनी माध्यान्ह भोजनाची योजना व्यापक केली आणि 1989 पासून तेथील मुलांच्या जेवणात अंडे आले. महाराष्ट्रात आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी जी अमृत आहार योजना चालते तिच्या चौरस आहारात अंडे आहे, आणि ते दुपारच्या जेवणात आहे. राज्यातील शाळांत मात्र नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यास केळे देण्याचा हुकूम निघाला, त्यास धर्माच्या नावाने विरोध झाला, आणि जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवून ज्या शाळेस द्यावयाचे असेल तिने लोकसहभागातून खर्च भागवावा असे ठरविले. शेजारच्या कर्नाटकातही 2021 साली काही मठाधिपतींनी अशीच तक्रार केली होती. शेजारी बसलेल्याच्या ताटातील अंडे पाहून आपले मूल बिघडेल, ही भीती ज्यांनी व्यक्त केली त्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. पण पंगत ही आपल्या धर्माने निर्माण केलेली संस्था आहे, आणि एकाच पंगतीत उपवासाचे आणि नित्याचे पान शेजारी शेजारी वाढण्याची रीत प्रत्येक एकादशीस प्रत्येक घर पाळते. जे घरात जमते ते शाळेत जमणार नाही असे मानण्यास काही आधार नाही. ज्या मुलाच्या घरी न्याहारीच होत नाही, ज्याचे दिवसाचे पहिले अन्न शाळेतील दुपारचे जेवण हेच असते, त्याच्यापुढे अंडे न्याहारीस चालेल आणि जेवणात चालणार नाही हा भेद मांडणे निर्दयपणाचे आहे.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. शासनाने अंड्याचा बंद केलेला निधी पुन्हा बहाल करावा, न खाणाऱ्या मुलास केळे किंवा दुसरे फळ तितक्याच आदराने द्यावे, आणि खरेदीच्या अटींत पिंजऱ्याबाहेर वाढविलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांना टप्प्याटप्प्याने अग्रक्रम द्यावा. आणि ज्या वाचकाच्या घरी अंडे येते त्याने ते गॅलरीतून आत आणावे, वरणभाताच्या ताटात सर्वांसमक्ष वाढावे, ते कोणत्या कोंबडीचे हे दुकानदारास विचारावे, आणि त्या कोंबडीला मोकळे अंगण मिळत असेल तर दोन पैसे अधिक द्यावेत.